घरात हरवलेला साप

कोल्हापुरात घरात साप निघाला तर काय करायचं, हे आता बहुतेक घरांना ठाऊक झालं आहे. पोरांना बाहेर काढायचं, लांबून सापावर नजर ठेवायची, सर्पमित्राला फोन लावायचा आणि तो येईपर्यंत काठी हातात घेणाऱ्या शेजाऱ्याला आवरायचं. पंचगंगेच्या काठावरच्या वस्त्यांनी हे 2019 आणि 2021 च्या महापुरात शिकून घेतलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं, शिवारातली बिळं बुडाली आणि माणसांसारखाच सापांनीही कोरड्या जागेचा आसरा घेतला. पाणी ओसरल्यावर घर धुवायला परतलेल्यांना माळ्यावर, कपाटामागे, भिजलेल्या गाद्यांखाली ते सापडत राहिले.

पण हौसेनं पाळलेला साप पेटीतून निसटला आणि घरातच कुठंतरी गायब झाला, तर काय करायचं? हा प्रश्न आपल्याकडे नवा आहे. मोठ्या शहरांतून आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक पाळण्याची हौस वाढते आहे. त्याच वेळी आपल्याच भागात पकडलेले नाग-धामणी जंगलात सोडण्याआधी चार दिवस घरी ठेवून घेणारेही आहेत. साप या दोन्ही घरांतून निसटू शकतो. आणि सापाच्या स्वभावाची ओळख नसेल, तर दोन्ही घरांत त्याचा शोध चुकीच्या पद्धतीनं सुरू होतो.

ही ओळख कोल्हापूर जिल्ह्याला परकी नाही. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला चंदगड तालुका आहे. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला तिलारीचं खोरं, मधे भाताची खाचरं आणि काजूच्या बागा. या तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकर या शिक्षकानं 1966 मध्ये मुलांना सापांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. वन्यजीव संरक्षण कायदा यायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. साप दिसला की ठेचायचा, हा गावोगावचा रिवाज होता. त्या काळात एका खेड्यातल्या मास्तरनं शाळेत सर्पालय उभं केलं, आणि नागपंचमीला लोक तिथं नुसते हात जोडायला नव्हे, तर साप कोणता, विषारी की बिनविषारी, तो खातो काय आणि राहतो कुठं हे समजून घ्यायला येऊ लागले. शेतकऱ्याच्या पोराला हे कळलं तर त्याचाही जीव वाचेल आणि सापाचाही, इतकी साधी आणि खोल जाण त्यामागं होती. माझ्या मते कोल्हापूर जिल्ह्यानं महाराष्ट्राला दिलेल्या मोठ्या गोष्टींत या शाळेचं नाव घ्यायला हवं, आणि ते पुरेसं घेतलं जात नाही.

त्यानंतरच्या पिढीत सापांविषयीचं कुतूहल राज्यभर पसरलं. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी 1980 मध्ये 72 विषारी सापांसोबत एका काचेच्या खोलीत 72 तास काढले आणि पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. साप उगाच अंगावर येत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसलं. सर्पमित्र ही ओळख त्यानंतर गावोगावी रुजली. आज कोल्हापुरातल्या पेठांपासून गगनबावड्याच्या वाड्यांपर्यंत रात्री-अपरात्री मोटारसायकल काढून धावणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्यातली बहुतेक हे काम मनापासून करतात आणि पदरचं पेट्रोल जाळून करतात.

पण याच कामाला एक वाईट सवय चिकटली आहे. पकडलेला साप लगेच सोडायचा नाही, बरणीत किंवा पोत्यात घालून घरी न्यायचा, मित्रांना दाखवायचा, गळ्यात घालून फोटो काढायचा, एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात न्यायचा आणि सवडीनं सोडायचा. बरणीचं झाकण सैल बसतं, पोत्याची गाठ ढिली पडते, आणि सकाळी बरणी रिकामी मिळते. त्या घरात म्हातारी आई असते, रांगतं पोर असतं. आणि हरवलेला साप नाग असतो. असे साप हाताळताना जीव गमावलेल्या सर्पमित्रांच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. भारतातला कोणताही रानटी साप घरी पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्यानंतर नाग आणि घोणसच काय, धामण आणि दिवडसुद्धा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत गेले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि कायद्याच्या भाषेत पकडणं हीसुद्धा शिकारच. लोकांना दाखवण्यासाठी प्राणी ठेवायचे तर 1992 पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा न्यायालयाच्या आदेशानं थांबली ती याच कायद्यामुळं, आणि 2025 च्या नागपंचमीला केंद्रानं तिथल्या 21 जणांना नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली तीही शैक्षणिक कारण दाखवून.

परदेशी सापांचा हिशेब वेगळा आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, पण भारतात तो बाळगणं हा गुन्हा नाही. मात्र त्याची नोंदणी लागते. 28 फेब्रुवारी 2024 ला आलेल्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. कॉर्न स्नेक आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत नसल्यानं या नोंदणीतही बसत नाही. यातले किती साप सरळ मार्गानं येतात, याची शंका यावी असे प्रकार मुंबई विमानतळावर घडत असतात. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले 11 साप सापडले. नऊ बॉल पायथन, दोन कॉर्न स्नेक. जून 2025 मध्ये थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे विषारी सापांचीच खेप मिळाली, त्यात 44 इंडोनेशियन पिट व्हायपर होते. पुड्यात कोंबून आणलेला साप ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडे त्याचे कागद कुठून असणार? आणि कागद नसलेला साप हरवला, तर तो माणूस शेजाऱ्यांना सांगेल का?

सगळा धोका इथंच आहे. अमेरिकेतल्या रॅले शहरात 2021 च्या जून महिन्यात एका घराच्या व्हरांड्यात झेब्रा कोब्रा दिसला. हा आफ्रिकेतला विष थुंकणारा नाग. शोध घेतल्यावर कळलं की त्याच भागातल्या एका हौशी तरुणाच्या घरातून तो नोव्हेंबर 2020 पासूनच बेपत्ता होता. सात महिने त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. त्या सात महिन्यांत आजूबाजूची मुलं अंगणात खेळत होती. साप दोन दिवसांत पकडला गेला, कोणाला इजा झाली नाही. पण मालकाला, साप निसटल्याचं न कळवल्याचा गुन्हा कबूल करावा लागला आणि शोधाचा खर्च शहराला भरून द्यावा लागला. साप निसटणं हा अपघात असू शकतो, लपवणं नाही. माझ्या दृष्टीनं तो गुन्हा साप पाळण्यापेक्षाही मोठा.

स्टॉकहोमच्या स्कॅन्सन प्राणिसंग्रहालयातली ऑक्टोबर 2022 ची हकिगत यापेक्षा सुखाची आणि शिकवणारी आहे. तिथं नव्यानं आणलेला नागराज काचेच्या पेटीच्या छतातल्या दिव्याच्या खोबणीतून बाहेर पडला. आधीचा दिवा तापायचा, म्हणून कोणताही साप तिथं फिरकत नसे. विजेची बचत करणारा नवा दिवा बसवला, तो थंड राहिला, आणि सापाला वाट मिळाली. कर्मचाऱ्यांनी ते दालन बंद केलं, क्ष-किरण यंत्रं आणून भिंतींच्या पोकळीत तो कुठं आहे हे पाहिलं. भिंत फोडायची तयारी सुरू असतानाच, आठवडाभरानं, साप आपणहून पेटीत परतला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून 2011 च्या मार्चमध्ये हरवलेला इजिप्शियन नागही आठवड्याच्या आत त्याच इमारतीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला मिळाला. शहरभर त्याची चर्चा होती, आणि तो आपल्या पेटीपासून फार लांब गेलाच नव्हता.

साप लांब का जात नाही? सापाचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं. त्याला अंग शेकायला ऊब, तापलं तर गारवा, आणि सगळ्या बाजूंनी अंगाला टेकेल अशी अरुंद, अंधारी जागा लागते. मोकळी खोली त्याला भीतीची वाटते. म्हणून तो मधून जात नाही, भिंतीच्या कडेनं सरकतो आणि पहिली जी फट मिळेल तीत शिरतो. ज्या फटीत डोकं जातं तीत बहुधा अंगही जातं. पाळलेला साप पोटभर खाल्लेला असतो, त्याला घाई नसते. बॉल पायथन तर महिनोन् महिने न खाता राहू शकतो. त्यामुळे पहिल्या रात्री नाही सापडला म्हणजे घराबाहेर गेला, असं धरून चालू नये.

तेव्हा शोध सुरू होतो तो पेटीच्याच खोलीतून. त्या खोलीचं दार लावायचं, दाराखालच्या फटीत गोणपाट किंवा टॉवेल दाबायचा. न्हाणीची आणि मोरीची तोंडं झाकायची. मग पेटीच्या जवळून बाहेरच्या दिशेनं, एकेक वस्तू हलवत जायचं. हिवाळ्यात कोल्हापूरची रात्र चांगली गारठते, त्या दिवसांत तो ऊब शोधेल. फ्रिजच्या मागची बाजू, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार इथं आधी पाहावं. एप्रिल-मे मध्ये उलट, माठाखालची ओल, न्हाणी, फरशीलगतची गार कड. सोफ्याच्या बुडाला जे पातळ कापड ठोकलेलं असतं ते एका कोपऱ्यात फाटलेलं असेल तर आत हात न घालता बॅटरीनं पाहावं. दिवाणाचा पेटारा, पुस्तकांच्या रांगेमागची पोकळी, चप्पल-स्टँड, गुंडाळून ठेवलेली सतरंजी. कॉर्न स्नेक चढतो, तेव्हा पडद्याची दांडी आणि कपाटाचा माथाही विसरू नये.

जुन्या घरात काम अवघड. कोल्हापूरच्या पेठांतलं घर म्हणजे सोपा, माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, मग परडं. मातीच्या जाड भिंती, कोनाडे, फडताळं, वर माळा आणि कौलं. परड्यात जळण रचलेलं, शेणींची उतरंड, एखाद्या घरी म्हैस. अशा घरातून साप परड्यात पोचला की शोध जवळपास संपतो. म्हणून जुन्या घरात पहिल्या तासाचं महत्त्व फार.

एक युक्ती साप सांभाळणारे वापरतात आणि ती आपल्या घरात सहज जमते. रात्री झोपण्यापूर्वी दाराच्या उंबऱ्यांवर आणि भिंतीच्या कडेनं पिठाचा पातळ थर भुरभुरावा. सकाळी सरपटल्याची खूण दिसली तर कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत गेला ते कळतं. कडेनं चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या तर रात्री त्यांचा आवाज येतो. पेटी उघडीच ठेवावी, तिच्यातली ऊब चालू ठेवावी, बाजूला पाण्याचं भांडं ठेवावं. हे सगळं रात्री करायचं, कारण बॉल पायथन रात्रीचा प्राणी आहे. फिनेल, रॉकेल, धूर यांच्या वाटेला जाऊ नये. त्यानं साप एक तर मरतो, नाही तर आणखी खोल भिंतीत शिरतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. शोधताना जो साप दिसेल तो आपलाच, असं मानून हात घालू नका. हे वाक्य युरोपातल्या पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. कोल्हापुरातल्याला सांगावंच लागतं. इथं घराबाहेर उसाचा फड आहे. भात आणि सोयाबीन निघाल्यावर, आणि पुढं ऊस तुटायला लागल्यावर, शिवारातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि त्यांच्यामागं साप येतात. त्याच दिवसांत माळे आवरले जातात, अडगळ बाहेर निघते, आणि पुढं थंडीत घोणशीच्या मीलनाचा काळ सुरू होतो.

बॉल पायथन आणि घोणस, दोघांच्या अंगावर तपकिरी रंगात गोल-लांबट ठिपके असतात, दोघं जाडजूड असतात, दोघं मुटकुळं करून बसतात. कपाटामागच्या अंधारात, बॅटरीच्या उजेडात, अंगाचा हातभर भाग दिसत असताना फरक करणं सोपं नाही. घोणशीच्या पाठीवर काळपट कडेचे ठिपके साखळीसारख्या तीन रांगांत असतात, खवले खरखरीत असतात, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फुत्कार टाकते. बॉल पायथनचे खवले गुळगुळीत, चकाकते असतात, नक्षी वेडीवाकडी असते, आणि घाबरला की तो डोकं आत घेऊन चेंडू होतो. घोणस पिल्लांना जन्म देते, एका वेळी वीस-चाळीस, आणि ती पावसाळ्याच्या तोंडाला बाहेर पडतात. वीतभर पिल्लाचं विषही माणसाला पुरतं. बिनविषारी डुरक्या घोणस या दोघांच्याही जवळ जाणारी दिसते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

कॉर्न स्नेक हरवलेल्या घरात तस्कर सापडू शकतो, आणि तो बिनविषारी असल्यानं धोका नाही. पण लहान, पट्टेदार साप भिंतीवर दिसला तर तो कवड्या की मण्यार, हा प्रश्न जीवनमरणाचा. कवड्या पाली खायला घरात येतो, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारचे पांढरे पट्टे मानेजवळ नसतात किंवा तुटक असतात, शेपटीकडे ठळक होतात आणि बहुधा जोडीनं येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे माणसाच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात. हरवलेला साप शोधत असलेल्या घरानं जमिनीवर झोपू नये, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं.

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हा अंदाज आहे. यातली बहुसंख्य माणसं खेड्यातली, शेतात राबणारी. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. परदेशातून चोरून आणलेल्या पिट व्हायपरवर ती चालेल असं धरता येत नाही. मुंबई विमानतळावर पकडलेले ते साप कोणाच्या दिवाणखान्यात पोचले असते आणि तिथून निसटले असते, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातला डॉक्टर कितीही निष्णात असला तरी त्याच्या हातात त्यासाठीचं औषध नसतं.

बॉल पायथन बिनविषारी आहे, शांत आहे, हे मान्य. पण तो तीस वर्षं जगू शकतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं साठी उलटल्यावर, 2020 मध्ये, अंडी घातली. कॉलेजात असताना हौसेनं आणलेला साप नोकरी, लग्न, बदली, घर बदलणं या सगळ्यांत कोण सांभाळणार? कंटाळलेले लोक मग त्याला पंचगंगेकाठी किंवा पन्हाळ्याच्या जंगलात सोडतात असं होऊ नये. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत निसटलेले आणि सोडून दिलेले बर्मीज अजगर माजले आणि तिथले सस्तन प्राणी संपत चालले. आपला सह्याद्री त्या वाटेनं जाऊ नये.

माझं मत सरळ आहे. रानातला साप घरात ठेवायचा नाही, एक रात्रसुद्धा नाही, मग तो कितीही प्रेमानं पकडलेला असो. तो पकडला त्याच रात्री वनविभागाला कळवून त्याच परिसरातल्या योग्य जागी सोडायचा. सापांबद्दल शिकायचं आणि शिकवायचं तर ढोलगरवाडीचा रस्ता आहे. परदेशी साप पाळायचाच असेल तर नोंदणी लागत असल्यास तिचा कागद, कुलूप लागणारी पेटी, रोज रात्री झाकण तपासण्याची शिस्त आणि शेजाऱ्यांना दिलेली आगाऊ माहिती, या चारही गोष्टी हव्यात. यातली एक जरी जमणार नसेल तर पाळू नये.

आणि तरीही साप हरवलाच, तर पहिल्या तासात खोली बंद करा, आणि त्याच तासात वरच्या-खालच्या मजल्यावर, शेजारी आणि घरमालकाला सांगा. त्या सापाचा फोटो सगळ्यांना पाठवा, म्हणजे दुसऱ्याच्या घरी तो निघाला तर मारला जाणार नाही, आणि त्याच्या जागी घोणस निघाली तर कोणी तिला उचलायला जाणार नाही. घरात कोणाला दंश झाला तर कापू नका, बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. अंग हलू न देता थेट सीपीआर किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. तो आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.